सशासाठी सुके गवत : कापणीची वेळ महत्त्वाची

शाळेच्या आवारात जाळीचा पिंजरा उभा राहतो, त्यात पांढऱ्या सशांची एक जोडी येते आणि पहिले काही दिवस मधल्या सुट्टीत तेथे मुलांची झुंबड उडते. कोणी गाजर आणतो, कोणी कोबीचे पान, कोणी डब्यातला पोळीचा तुकडा. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच एक ससा कोपऱ्यात अंग आखडून बसतो, खाणे सोडतो, त्याच्या लेंड्या बारीक होत होत बंद पडतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो दगावतो. थंडी बाधली, ऊन बाधले, दृष्ट लागली, अशी कारणे मग सांगितली जातात. पिंजऱ्यात गवताची काडी नव्हती, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

ससा हा गाजरावर जगणारा प्राणी आहे, हा समज चित्रांच्या पुस्तकांनी रूढ केला. वस्तुतः गाजर हा त्याचा खाऊ आहे आणि गवत हे त्याचे अन्न. सशाच्या तोंडात २८ दात असतात व ते सारे जन्मभर वाढत राहतात. पुढच्या दातांची वाढ आठवड्याला सुमारे दोन मिलीमीटर एवढी असते. राठ गवत दाढांखाली आडवे रगडले गेले म्हणजे दात आपोआप झिजतात. मऊ अन्नाने ते झिजत नाहीत, वाकडे वाढतात आणि गालाला वा जिभेला रुततात. मग भूक असूनही प्राण्याला खाता येत नाही.

दुसरे कारण आतड्याचे. सशाच्या पचनसंस्थेत उंडुक नावाची मोठी पिशवी असते आणि तीत असंख्य सूक्ष्म जीव चाऱ्याचा अंश आंबवून त्यापासून पोषक द्रव्ये तयार करतात. ही द्रव्ये मऊ, चिकट गोळ्यांच्या रूपाने बाहेर पडतात व ससा त्या थेट तोंडाने उचलून पुन्हा खातो. पाहणाऱ्याला हा किळसवाणा प्रकार वाटतो. काही ठिकाणी तर तो आजार समजून सशाला औषधे पाजली जातात. हा त्याच्या पचनाचा स्वाभाविक भाग आहे. गवतातील जाड तंतू आतडे हलते ठेवतात. तंतू कमी पडले आणि पोळी, भाकरी, धान्य यांचे पिष्ट वाढले की आतडे मंदावते, वायू धरतो. सशाला ओकारी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेले परत निघण्याची वाटच नसते. दिवसभर ससा काही खात नसेल, तर उद्यापर्यंत वाट न पाहता त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले पाहिजे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हे सारे विवेचन पाळीव सशाविषयी आहे. त्याचे मूळ युरोपच्या नैर्ऋत्येकडील स्पेन-पोर्तुगालच्या भूमीत असून तो बिळे करून राहणाऱ्या जातीचा आहे. आपल्या माळरानावर आणि शेताच्या बांधावर दिसणारा करडा-तपकिरी ससा वेगळा. त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे. कापणीच्या वेळी त्याची पिले सापडली की मुले ती कौतुकाने शाळेत आणतात. त्यांना सापडल्या जागी परत ठेवावयास लावणे हे शिक्षकांचे कामच आहे.

कोणते गवत, किती गवत

दोन किलो वजनाच्या प्रौढ सशाला दिवसाकाठी सुमारे १०० ते १२५ ग्रॅम सुके गवत लागते. यात तुडवून वाया जाणारे गवतही धरले आहे. वर्षाचा हिशेब ४० ते ४५ किलोपर्यंत जातो. राखलेल्या मारवेलाच्या कुरणात हेक्टरी तीन टन सुके गवत आले, तर गुंठ्याला ३० किलो पडते. म्हणजे दीड गुंठ्याचे चांगले कुरण एका सशाची वर्षाची बेगमी करते. ज्या शाळेच्या कुंपणालगत एवढी जागा मोकळी आहे, तिला गवत विकत आणण्याची गरज नाही.

मोठ्या शहरांतील दुकानांतून टिमोथी नावाचे परदेशी गवत पाकिटांतून विकले जाते. अठराव्या शतकात अमेरिकेत त्याचा प्रसार करणाऱ्या टिमोथी हॅन्सन या शेतकऱ्याचे नाव त्याला पडले. गवत उत्तम आहे, पण ते थंड हवामानाचे आहे आणि दूरवरून येत असल्याने महाग पडते. त्याची थोरवी लांब तंतू आणि बेताचे कॅल्शियम या दोन गुणांत आहे. हे गुण आपल्या डोंगरी गवतांतही आहेत. देशातील गवताळ प्रदेशांची जी वर्गवारी दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली ग्रंथरूपाने मांडली, तीत दख्खनच्या पठाराचा अंतर्भाव पवन्या-मारवेल वर्गात होतो. मारवेलाची काडी बारीक असते, पेऱ्यांवर केसांचे कडे असते आणि जांभळट तुरा हाताच्या बोटांसारखा फाकलेला असतो. एकदा दाखविले की चौथीतला मुलगाही ते ओळखतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचा ‘फुले मारवेल ०६-४०’ हा वाण ठोंब लावून वाढविता येतो.

लसूणघासाबाबत मात्र तारतम्य हवे. तो द्विदल चारा आहे. त्यात प्रथिने व कॅल्शियम भरपूर असल्याने सहा महिन्यांपर्यंतची पिले आणि गाभण वा पाजती मादी यांना तो मानवतो. प्रौढ सशाला तोच रोज भरपेट दिल्यास जादा कॅल्शियम लघवीवाटे पडते, मूत्राशयात चुन्यासारखा गाळ साठतो. मारवेल कायम पुढ्यात आणि वाळल्या लसूणघासाची एखादी चिमूट, हा प्रौढ सशाचा बेत. त्यासोबत ताजी हरळी, कोथिंबीर किंवा शेवग्याचा पाला थोडा द्यावा.

भाताचा पेंढा व ज्वारीचा कडबा गवताची जागा घेऊ शकत नाहीत. पेंढ्यात सिलिका जास्त आणि पोषण अत्यल्प. तो अंथरण्यास चांगला. मुरघास गाई-म्हशींचा आहे, सशाच्या वाट्याला तो जाऊ नये.

उशिराची कापणी

राज्यात गवताची वाण नाही, असे डोंगराळ तालुक्यातील कोणीही सांगेल. अडचण आहे ती कापणीच्या वेळेची. गवत फुलोऱ्यात येते तेव्हा त्यात पाने भरपूर असतात आणि प्रथिनांचे प्रमाण सहा-सात टक्क्यांच्या आसपास असते. बी पिकून गळाले, काडी पिवळी पडली की तेच प्रमाण तीन टक्क्यांच्या घरात येते. उरते ती लाकडासारखी काडी. आपल्याकडील बरेचसे गवत या दुसऱ्या अवस्थेत कापले जाते.

याचा दोष गवत कापणाऱ्यांना देणे रास्त होणार नाही. मारवेल-पवन्या फुलोऱ्यात येतात त्या भाद्रपद-आश्विनात परतीचा पाऊस केव्हा येईल याचा नेम नसतो आणि कापून पसरलेले गवत एका सरीने काळे पडते. कोकणात व मावळात नेमकी तेव्हाच भातकापणी येऊन ठेपते. घरचे भात शेतात उभे असता गवताकडे कोण जाणार? भात खळ्यावर आले की मग विळे गवताकडे वळतात, तोवर दिवाळी झालेली असते. शिवाय गवत वजनावर वा भाऱ्यावर विकले जाते. कोवळ्या, पानाळ गवताला वेगळा भाव नसेल तर लवकर कापणाऱ्याच्या पदरात काय पडणार? गवत आणि मजुरी यांचे नाते या राज्यात जुने आहे. ठाणे जिल्ह्यातील रानांतले गवत मुंबईच्या तबेल्यांकडे जात असे आणि १९४५ च्या वारली लढ्यात गवतकापणीच्या मजुरीचा दर ही एक प्रमुख मागणी होती.

उशिराच्या कापणीचा आणखी एक तोटा सशाच्या दृष्टीने गंभीर आहे. कुसळी गवताची कुसळे या काळात कडक होतात. ओल लागताच त्यांचा पीळ उलगडतो व टोक गिरमिटाप्रमाणे आत शिरते. मेंढ्यांच्या लोकरीत व कातडीत ती घुसतात, हे धनगरांना चांगले ठाऊक आहे. सशाच्या हिरड्यांत, डोळ्यांत, पायांच्या लवेतही ती तशीच रुततात. कुसळे येण्यापूर्वी कापलेली कुसळी मात्र चांगला चारा असते. महिनाभराच्या फरकाने एकाच गवताचे दोन पदार्थ होतात.

सशांना लागणारे गवत थोडे असते, हीच येथे सोय आहे. शंभर हेक्टरांचे कुरण आश्विनात कापणे कठीण. दहा-वीस गुंठे कापणे कठीण नाही. चार दिवसांची उघडीप पाहून दव उडाल्यावर कापावे, पातळ पसरावे, दिवसातून दोनदा उलथावे. संध्याकाळी लहान ढीग करून ताडपत्रीखाली घ्यावे. आश्विनातील कडक उन्हात दोन ते तीन दिवसांत गवत वाळते. बांबूच्या तिवईवर टांगल्यास ते जमिनीची ओल धरत नाही आणि रंगही हिरवट राहतो. फार दिवस उन्हात पडलेले गवत पांढुरके होते व त्यातील कॅरोटिन नष्ट होते.

गवत पुरते वाळले की नाही हे पाहण्याची एक युक्ती विज्ञानाच्या तासाला सहज करता येते. गवताचे बारीक तुकडे मूठभर घेऊन ते काचेच्या कोरड्या बरणीत टाकावेत, वर दोन चमचे कोरडे मीठ घालावे आणि बरणी दोन-तीन मिनिटे हलवावी. मीठ मोकळे राहिले तर ओलावा १५ टक्क्यांच्या आत आहे. मिठाच्या गुठळ्या झाल्या तर गवत अजून एक दिवस पसरावे. ओलसर गवत गंजीत रचल्यास सूक्ष्म जीवांच्या क्रियेने ते आतून तापते, बुरसते आणि मोठ्या गंजीत कधी कधी आपोआप पेटही घेते. बुरशीचे विष सशाला फार लवकर बाधते.

वखारीतून घेताना

शहरात राहणाऱ्याला गवत विकतच घ्यावे लागते. वखार, तबेला किंवा पांजरपोळ ही त्याची ठिकाणे. तेथे वरची पेंढी पाहून सौदा करू नये. एक पेंढी सोडवून मधले गवत हातात घ्यावे. रंग हिरवट, वास गोडसर, पाने काडीला टिकलेली असावीत. मूठ झटकली असता पांढरी धूळ उडाली किंवा कुबट वास आला, तर ते गवत स्वस्त असले तरी सोडून द्यावे. कोणत्या रानचे, केव्हा कापले आणि कापल्यावर भिजले का, हे तीन प्रश्न विचारावेत. जाणता विक्रेता त्यांची उत्तरे चटकन देतो.

बांधावरचे फुकट गवतही पारखून घ्यावे. कापूस, द्राक्षे, भाजीपाला यांच्या बांधावर औषधांची फवारणी पोचलेली असते. गवतात गाजरगवत मिसळलेले असल्यास तो भारा टाकून द्यावा. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे तण आज सर्वत्र आहे आणि त्याच्या नावामुळे मुलांची फसगत होते. गाजरगवत सशाला आवडेल असे त्यांना वाटणे साहजिकच आहे. पानांच्या साम्यावरून ते नाव पडले, आणि ही वनस्पती माणसाला व जनावराला सारखीच अपायकारक आहे. घाणेरीही तशीच विषारी आहे.

ग्रामपंचायतींच्या दृष्टीने विचार करता गायरानाचा प्रश्न यात येतो. हिवरे बाजारने चराईबंदी केली, गवत विळ्याने कापून नेण्याची पद्धत पाडली आणि उजाड डोंगरांवर गवत परत आले, हे सर्वज्ञात आहे. जेथे गायरान असे राखले आहे, तेथे त्याचा एक लहान तुकडा लवकरच्या कापणीसाठी वेगळा ठेवता येईल. त्यातील गवताला निराळा भाव ठरवावा लागेल. भाऱ्याच्या दराने ते विकले तर कापणाऱ्या बाईच्या मजुरीला ते पुरणार नाही. गवताचा लिलाव होत असेल तर तो श्रावणातच उरकावा, म्हणजे घेणाऱ्याला फुलोऱ्याची वेळ साधता येईल. शहरातील सशांच्या पालकांना हे गवत हवे आहे, फक्त ते कोठे मिळते हे त्यांना माहीत नसते. किलो-दोन किलोच्या पेंढ्या बांधून कापणीचा महिना लिहिलेली चिठ्ठी त्यांना अडकविली, तर पाकिटातील परदेशी गवताची निम्मी मिरासदारी तेथेच संपेल.

साठवणीसाठी जमिनीपासून वीतभर उंच फळ्या, वारा खेळती जागा आणि गोणपाट एवढे पुरते. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत गवताला घाम सुटतो. उंदरांचा उपद्रव असेल तर जाळी लावावी, कारण त्यांच्या मूत्राने दूषित गवत ससा खात नाही आणि खाल्ल्यास आजारी पडतो. पिंजऱ्यात गवत खाली न टाकता जाळीच्या छोट्या गव्हाणीत ठेवावे. नव्या हंगामाचे गवत आले की जुने एकदम बंद करू नये. पहिले आठ-दहा दिवस दोन्ही मिसळून द्यावे व नव्याचे प्रमाण रोज थोडे वाढवीत जावे.