कागदाच्या वरंब्यात हळद लावू या!

दोस्तांनो, एक प्रश्न विचारते. आपण आलं खातो, ते झाडाचं मूळ असतं की खोड? आणि कांदा? तो तर मातीतच असतो, मग तो मूळच, हो ना?

थांबा, घाईनं उत्तर देऊ नका. आज आपण कागदाची परसबाग करणार आहोत आणि ती करता करता ही उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील. भाजी नुसती खायची असेल, तर ती झाडाच्या कुठल्या भागातून आली हे ठाऊक नसलं तरी चालतं. पण तिचं झाड कागदाचं करायचं म्हटलं, की पानं कुठे, मुळं कुठे, माती कुठपर्यंत, सगळं ठरवावंच लागतं.

दिवसही अगदी योग्य आहेत. शाळा सकाळची झाली आणि पाडवा तोंडावर आलाय. थंड देशांत वसंत ऋतू आला की बर्फ वितळतं आणि पेरणी सुरू होते. आपल्या सातारा-सांगलीकडे मात्र वसंतात काढणीची गडबड असते. रब्बीची शेवटची गाजरं, मुळे, वाटाणा बाजारात येतो. सांगलीकडे शिजवलेली हळद उन्हात वाळत पडते आणि उन्हाळी भुईमूग फुलायला लागतो. आपल्या बागेत हे सगळं हवं!

काय काय लागेल?

जुन्या कॅलेंडरचं एक मोठं पान, वह्यांची खाकी कव्हरं (वर्ष संपतच आलंय, आता ती निघणारच), जुन्या लग्नपत्रिका, वर्तमानपत्र, चमचाभर हळद, खाण्याचा सोडा, अर्धं लिंबू, स्केचपेन आणि कणकेची खळ. कात्री मोठ्यांच्या हातात. बालवाडीतल्या मंडळींनी कागद हातानंच फाडायचा.

खळ करताना आई-बाबांच्या शेजारी उभं राहून नीट बघा. वाटीभर पाण्यात दोन चमचे कणीक कालवून मंद आचेवर ढवळत राहायचं. बराच वेळ काहीच होत नाही आणि मग अचानक मिश्रण दाट, चिकट होतं. कणकेतल्या स्टार्चचे बारीक कण गरम पाणी शोषून फुगतात आणि फुटतात, म्हणून!

आधी रान तयार करू

कॅलेंडरच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर मधोमध आडवी रेघ मारा. रेघेच्या वर आकाश, खाली माती. आता खाकी कागदाला चार-चार बोटांच्या उभ्या घड्या घाला, एक घडी पुढे, एक मागे. कागद उलगडला की काय दिसतं? उंचवटा, खोलगट, पुन्हा उंचवटा. हीच शेतातली सरी आणि वरंबा!

खोलगट घड्यांना मागून खळ लावून कागद रेघेखाली चिकटवा. खालची कडाही चिकटवून टाका. उंचवटे मात्र आतून पोकळ राहू द्या, वरची तोंडंही उघडी ठेवा. आपल्या भाज्या याच वरंब्यांत बसणार आहेत.

खऱ्या शेतातही असंच असतं. पाणी सरीतून वाहतं आणि कितीतरी पिकं वरंब्यावर वाढतात. मुळांना पाणी लागतं, तशी हवाही लागते. कृष्णाकाठची काळी माती पाणी धरून ठेवते. त्यात हळदीचे, आल्याचे कंद फार दिवस पाण्यात राहिले तर कुजतात. वरंब्याची माती भुसभुशीत असते, जास्तीचं पाणी सरीत निघून जातं आणि मातीत हवा खेळती राहते.

हळदीचा एक कागद, रंग दोन

कोमट पाण्यात हळद कालवून ती कोऱ्या कागदांवर फासा आणि कागद सावलीत वाळवा. पिवळे कागद तयार! आता त्यातला एक कागद घ्या. पाव वाटी पाण्यात चमचाभर सोडा विरघळवून बोटानं त्याच्यावर फिरवा. अरेच्चा! पिवळा कागद लालसर नारिंगी झाला की! आता त्याच ठिकाणी लिंबाचा एक थेंब टाका. पुन्हा पिवळा!

हळदीत कर्क्युमिन नावाचा रंगद्रव्याचा रेणू असतो. सोडा किंवा साबण लागला की त्या रेणूची ठेवण बदलते आणि आपल्याला वेगळा रंग दिसतो. लिंबाच्या आंबटपणानं तो पुन्हा पहिल्यासारखा होतो. शर्टावर आमटी सांडली आणि डागाला साबण लावला, की तो लाल होतो ना? त्याचंही कारण हेच. तोच डाग उन्हात फिका पडतो, कारण कर्क्युमिन उजेडात टिकत नाही. म्हणून तर आपण कागद सावलीत वाळवले. बाग पूर्ण झाल्यावरही तिला उन्हाच्या खिडकीत ठेवू नका.

पहिला वरंबा: गाजर

लालसर नारिंगी कागदाचं गाजर कापा, हिरव्या पत्रिकेच्या बारीक झिरमिळ्या करून त्याला पाला लावा आणि वरंब्यात खोचा. पाला वर, गाजर खाली. आता पाला धरून उपटा! छोट्या दोस्तांना हे उपटणं फार आवडतं, पुन्हा पुन्हा उपटू द्या.

गाजर म्हणजे खरंखुरं मूळ. झाड त्यात पुढच्या दिवसांसाठी अन्न साठवतं. गाजर उपटलंच नाही, तर ती साठवण वापरून झाड वर दांडा काढतं आणि त्याला बारीक पांढऱ्या फुलांचे पसरट झुबके येतात. कोथिंबिरीची आणि शेपूची फुलं बघितलीत का? ती गाजराच्याच कुळातली. आणि वाढताना गाजराला खाली खडा लागला तर त्याला दोन पाय फुटतात. एक गाजर तसंही करा!

दुसरा वरंबा: कांदा

सातारा जिल्ह्यातलं लोणंद कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. आपला कांदा मात्र मधोमध चिरलेला दाखवू, म्हणजे आतलं दिसेल. लहानमोठे गोल कापून एकावर एक चिकटवा. हे एकात एक बसलेले पापुद्रे म्हणजे कांद्याच्या पातींचे जाड झालेले बुडखे. म्हणजे कांदा खाताना आपण पानंच खातो! आणि मुळं? ती कांद्याच्या बुडाशी, दाढीचे केस असतात तशी.

ही मुळं करायला वर्तमानपत्र घ्या आणि वरून खाली फाडा. सरळ पट्टी निघाली? आता आडवं फाडा. वेडंवाकडं फाटलं ना? कागद वनस्पतींच्या तंतूंचा बनतो. यंत्रावर तो तयार होताना बहुतेक तंतू एकाच दिशेला लोळतात, म्हणून त्या दिशेनं तो सरळ फाटतो. आपल्याकडच्या उसाच्या चिपाडांपासूनही कागद होतो. म्हणजे आपली कागदी बागसुद्धा मुळात झाडांपासूनच आलीय!

तिसरा वरंबा: हळद

आता सांगलीची खास पाहुणी! सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

ओल्या हळदीचा किंवा आल्याचा तुकडा हातात घेऊन निरखा. अंगावर गोल गोल कडी दिसतात, उसाच्या पेरांवर असतात तशी. मधूनमधून फुगीर डोळे दिसतात. मुळाला अशी पेरं नसतात, डोळेही नसतात. ती असतात खोडाला. म्हणजे हळद आणि आलं ही मातीत आडवी वाढणारी खोडं आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं!

बाहेरून खाकी आणि आतून पिवळा असा दुहेरी कागद घ्या. मधला मोठा कंद म्हणजे जेठा गड्डा. त्याला बाजूनं बोटांएवढी हळकुंडं चिकटवा, वर लांब रुंद पानं लावा आणि सगळं वरंब्यात बसवा.

वरंब्याच्या खाली अजून थोडी जागा उरलीय ना? तिथे एक पेव करू. सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर गाव आहे. तिथे वाळलेली हळद जमिनीत खणलेल्या खोल पेवांत साठवायची जुनी रीत आहे. पेवाचं तोंड अरुंद आणि पोट मोठं. हळद भरून तोंड बंद केलं, की आत कोंडलेल्या हवेतला ऑक्सिजन हळूहळू संपत जातो. ऑक्सिजन नाही म्हणजे कीड जगत नाही. ना औषध, ना वीज, तरी हळद टिकून राहते! पेव उघडल्यावर माणसं लगेच आत उतरत नाहीत, बाहेरची हवा आत जाईपर्यंत थांबतात. २००५ च्या महापुरात इथल्या अनेक पेवांत पाणी शिरलं आणि मोठं नुकसान झालं. खाकी कागदाचं अरुंद तोंडाचं पाकीट चिकटवा, त्यात पिवळी हळकुंडं भरा, झालं आपलं पेव.

मातीच्या वर: वांगं आणि वाघ्या घेवडा

कृष्णाकाठच्या वांग्यांशिवाय बाग कसली? जांभळं वांगं करा आणि हिरवी टोपी विसरू नका. फुलाच्या पाकळ्या गळून पडतात, पण त्यांच्याखालचं हिरवं निदल तसंच राहतं आणि फळाबरोबर वाढतं. तीच ही टोपी. म्हणून वांगं लावायचं ते जिथे फूल होतं तिथेच, फांदीला.

घेवड्याची शेंग करण्याआधी वाटाण्याची एक शेंग हळूच उघडा. सगळे दाणे एकाच कडेला चिकटलेले असतात. पण गंमत बघा. शेंगेचे दोन भाग वेगळे झाले, की एक दाणा डावीकडे राहतो, पुढचा उजवीकडे, त्याच्या पुढचा पुन्हा डावीकडे! आपल्या कागदी शेंगेतही दाणे असेच आळीपाळीनं चिकटवा. कोरेगावकडच्या वाघ्या घेवड्याच्या दाण्यांवर लालसर पट्टे असतात. ते स्केचपेननं काढा, प्रत्येक दाण्यावर वेगळे.

शेवटचा वरंबा: भुईमूग

आता खरी परीक्षा. भुईमुगाची शेंग मातीत सापडते. मग ती मूळ की खोड?

दोन्ही नाही! भुईमुगाचं पिवळं फूल मातीच्या वर, पानांच्या बेचक्यात येतं. फूल सुकलं की तिथून एक देठ निघतो आणि वर जायच्या ऐवजी खाली वाढत थेट मातीत शिरतो. त्याला आरी म्हणतात. "भुईमुगाला आऱ्या सुटल्या," असं शेतकरी सांगतात ते हेच. आरीच्या टोकाशी, मातीतल्या अंधारात शेंग भरते. आरी मातीपर्यंत पोचलीच नाही, तर शेंग होत नाही. म्हणून काही शेतकरी फुलोऱ्याच्या सुमारास पिकावरून रिकामं पिंप फिरवतात, म्हणजे आऱ्या मातीला टेकतात.

आपल्या बागेत पिवळं फूल वर लावा. त्याच्या बुडाला कागदाची लांब पट्टी जोडा, तिच्या टोकाला शेंग चिकटवा आणि ती वरंब्यात सोडा. पट्टी वर ओढली की शेंग बाहेर, खाली सोडली की मातीत.

बाग झाली? मग आता एक काम तुमच्याकडे. घरी बाजाराची पिशवी आली, की प्रत्येक भाजी हातात घेऊन ठरवा: मूळ, खोड, पान, फूल, फळ की बी? बटाटा आणि रताळं शेजारी शेजारी ठेवून डोळे कुठे दिसतात ते शोधा. फ्लॉवर उलटा करून बघा. आणि भुईमूग काढणीला आला, की कुणा शेतकरी आजी-आजोबांकडून एक अख्खं झाड मुळासकट मागून आणा. ते आपल्या कागदी झाडाशेजारी ठेवून ताडून पाहा. आपली आरी चुकीच्या जागेवरून निघाली असेल तर ती काढून पुन्हा लावा. झाड दाखवेल ते खरं, कागद काय, पुन्हा कापता येतो!