अंगावरील अतिरिक्त लव : जुने उपाय आणि आजची तपासणी

मुलीच्या ओठांवर, हनुवटीवर लव दाट होऊ लागली की घरात काळजी शिरते. "आयुर्वेदात यावर कायमचा उपाय आहे का?" असे अनेक माता आमच्या बाह्यरुग्ण विभागात संकोचाने विचारतात. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

चरकसंहितेत 'अतिलोम' देहाचा उल्लेख आहे. परंतु तेथे सविस्तर चिकित्सा सांगितली आहे ती अतिस्थूल व अतिकृश यांची. सुश्रुतसंहितेत व्रणाच्या साठ उपक्रमांमध्ये 'लोमापहरण' येते. केसांमुळे जखम नीट भरत नसेल, तर वस्तरा, कात्री वा चिमट्याने ते काढावेत, असा त्याचा हेतू. त्याच ठिकाणी शंखचूर्ण दोन भाग व हरताळ एक भाग यांचा लेपही सांगितला आहे. हरताळ हे आर्सेनिक व गंधकाचे विषारी संयुग असल्याने हा लेप घरी कदापि करू नये.

डाळीचे पीठ, हळद व साय यांचे उटणे त्वचा स्वच्छ करते, चोळताना थोडी लव निघते. परंतु केसांचे मूळ तसेच राहते. नवजात बाळाची लव तर काही आठवड्यांत आपोआप गळते. त्यासाठी कणकेच्या गोळ्याने कोवळी त्वचा घासण्याचे कारण नाही.

मुलींमध्ये अशा केसांमागे अनेकदा बीजांडकोशाशी संबंधित पीसीओएस हा विकार असतो. पाळी अनियमित होणे, वजन वाढणे, मुरुमे येणे ही त्याची सोबतची लक्षणे. स्थूल रुग्णांचे वजन पाच ते दहा टक्के घटले तरी पाळीत सुधारणा दिसू शकते. स्थौल्यासाठी आयुर्वेदाने सांगितलेला व्यायाम व मिताहार येथे खरा उपयोगी पडतो. औषधांचा केसांवरील परिणाम दिसण्यास साधारण सहा महिने लागतात. तोवर थ्रेडिंगसारखे उपाय करण्यात गैर काही नाही.

मात्र थोड्याच महिन्यांत केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला किंवा लहान मुलामुलीत अकाली केस आले, तर विलंब करू नये. क्वचित त्यामागे बीजांडकोशाची अथवा अधिवृक्क ग्रंथीची गाठ असते.

पालकांना आमची विनंती एवढीच : लेकीला लेपाआड लपवू नका, तिला तपासणीस आणा. अतिरिक्त केस हा तिचा दोष नसून शरीराने दिलेली सूचना असू शकते.