मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?

शाळा उघडली की चाकूरच्या दुकानातून आपण वह्या, पाटी, गाईड आणतो. गोष्टीचे पुस्तक मात्र यादीत नसते. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमरावांना केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. एका पुस्तकाने काय घडते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

तीन-चार वर्षांच्या मुलाला मोठी चित्रे आणि पानावर एक-दोन ओळी पुरेत. वाचता न येणाऱ्या आईनेही मुलाला मांडीवर घेऊन विचारावे, ‘हा कोण? काय करतोय?’ मूल आपोआप गोष्ट सांगू लागते. माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ यासाठी उत्तम. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयातील मराठी पुस्तके स्वस्त असतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ द्यावा.

विकत घेण्याआधी पुस्तक चाळा. काळ्या रंगाची, कष्टकरी, वस्तीतली माणसे त्यात टिंगलीपुरतीच असतील, तर ते तिथेच ठेवा. आपले लेकरू त्यात स्वतःला शोधणार आहे.

एकट्याला परवडत नसेल तर यंदा जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढू आणि विहारात पुस्तकांची पेटी ठेवू. एकच पुस्तक वीस घरांत फिरेल.