मोकळ्या जागेचाही वास्तुविशारद असतो
कामण परिसराच्या निमित्ताने

वसई रोडहून दिव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कामण रोड हे छोटे स्थानक आहे. एका अंगाला तुंगारेश्वरची वनराजी आणि कामणदुर्गाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला उतरत उतरत वसईच्या खाडीला मिळणारी सखल जमीन, अशी या परिसराची ठेवण आहे. पावसाळ्यात डोंगरावरून उतरणारे ओहोळ भातखाचरांतून वाट काढीत खाडीकडे जातात. चिंचोटी ते अंजूरफाटा हा भिवंडीकडे जाणारा रस्ता याच भागातून गेल्यामुळे गेल्या काही दशकांत येथे कारखान्यांचे गाळे आणि गोदामे मोठ्या संख्येने उभी राहिली. जेथे पूर्वी बांध होते तेथे आज भराव आहेत, आणि जेथे उतार होता तेथे सपाट अंगणे आहेत.

इमारत कोणी बांधावी, तिचा नकाशा कोणी करावा, तिच्या मजबुतीची हमी कोणी द्यावी, याविषयी कायदा आहे, नियम आहेत आणि सर्वसामान्य नागरिकालाही त्याची बरीचशी जाण आहे. परंतु इमारतीभोवतीच्या जमिनीचे काय? तिचा उतार कोणी ठरवावा, पाण्याची वाट कोणी राखावी, कोणते झाड कोठे लावावे, याचा विचार करणारा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. त्यास इंग्रजीतून आलेल्या नावाने ‘लँडस्केप आर्किटेक्चर’ म्हणतात. आपण त्यास भूदृश्य-वास्तुकला म्हणू. या व्यवसायाचे स्वरूप काय, त्याला परवाना लागतो काय आणि त्याची सेवा घेताना कोणती दक्षता घ्यावी, याची माहिती जमीनमालक, गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी आणि ग्रामस्थ यांना असणे अगत्याचे आहे.

बागकामापलीकडचे काम

भूदृश्यकार म्हणजे हिरवळ आणि फुलझाडे लावून देणारा, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती अपुरी आहे. माळी झाड जगवितो. उद्यानविद्येचा पदवीधर झाडांचे शास्त्र जाणतो. स्थापत्य अभियंता भिंत आणि गटार बांधतो. या सर्वांच्या कामाची सांगड घालून जमीन, पाणी, वनस्पती आणि माणसांचा वावर यांची एकत्रित रचना करणे हे भूदृश्य-वास्तुविशारदाचे काम होय.

या कामाचा एक ठळक नमुना मुंबईतच पाहावयास मिळतो. धारावीजवळ मिठी नदीच्या काठी शहराचा कचरा टाकण्याची जागा होती. त्या जागेवर वृक्षलागवड करून महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले व १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. सुमारे ३७ एकरांच्या या भूमीवर आज दाट झाडी आहे. पडीक व बिघडलेली जमीनसुद्धा विचारपूर्वक केलेल्या रचनेने सावरता येते, हा त्यातील धडा आहे.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात वास्तुविशारदांसाठी ‘वास्तुविशारद अधिनियम, १९७२’ लागू आहे. या अधिनियमान्वये वास्तुकला परिषद स्थापन झाली असून तिच्या नोंदवहीत नाव असल्याखेरीज कोणालाही ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावता येत नाही. अधिनियमाच्या कलम ३७ मध्ये हा निर्बंध आहे. तथापि याच कलमात एक अपवाद नमूद केलेला आहे. ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ आणि जहाजांची रचना करणारे ‘नेव्हल आर्किटेक्ट’ यांना हे कलम लागू नाही. झाडे, वनस्पती व भूदृश्य यांच्याशी संबंधित मोकळ्या जागांची रचना करणारी व्यक्ती, अशी लँडस्केप आर्किटेक्टची व्याख्या तेथे दिलेली आहे.

या अपवादाचा व्यावहारिक अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. केवळ भूदृश्यरचना करणाऱ्या व्यक्तीस या अधिनियमाखाली नोंदणी करण्याचे बंधन नाही. त्यामुळे रीतसर शिक्षण घेतलेला तज्ज्ञ आणि चार बागा केल्यावर स्वतःस ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ म्हणवून घेणारा कंत्राटदार, या दोघांच्या पाटीवर एकच शब्द असू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दिलेल्या एका निर्णयात कलम ३७ विषयी असे स्पष्ट केले, की हे कलम ‘आर्किटेक्ट’ या उपाधीच्या वापरास संरक्षण देते. वास्तुरचनेशी संबंधित काम करण्यास नोंदणी नसलेल्यांना मज्जाव करीत नाही.

इतर देशांत याबाबत वेगळी पद्धत आढळते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९५३ मध्ये या व्यवसायास परवाना लागू केला आणि पुढे तेथील सर्व राज्यांनी तसे कायदे केले. शिक्षण, अनुभव आणि परीक्षा या तीन पायऱ्या ओलांडल्यावरच तेथे परवाना मिळतो. सार्वजनिक आरोग्य व सुरक्षितता यांचे रक्षण हा त्यामागील हेतू आहे. उतार चुकला तर पाणी शेजाऱ्याच्या घरात शिरते, भिंत चुकली तर ती माणसांच्या अंगावर पडते. म्हणून हे काम केवळ शोभेचे मानलेले नाही.

भारतात या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर या संस्थेत १९७२ मध्ये सुरू झाले. आज पुण्यासह अनेक ठिकाणी ते उपलब्ध आहे. वास्तुकलेची पाच वर्षांची पदवी आणि त्यानंतर दोन वर्षांचा भूदृश्य-वास्तुकलेचा अभ्यासक्रम, हा सर्वसाधारण मार्ग होय. या व्यावसायिकांची ‘इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स’ ही संघटना २००३ पासून कार्यरत आहे. तिचे सदस्यत्व हा व्यावसायिक ओळखीचा एक पुरावा ठरू शकतो. मात्र ते म्हणजे शासकीय परवाना नव्हे.

कामणच्या उतारावर

आता हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते पाहू. समजा, कामणच्या डोंगरपायथ्याशी कोणा एकाची अडीच एकर, म्हणजे सुमारे एक हेक्टर जमीन आहे व तेथे त्यास एक एकर छपराचे गोदाम बांधावयाचे आहे.

भूदृश्यकाराचे पहिले काम म्हणजे जमीन वाचणे. मोजणी करून समपातळी रेषांचा नकाशा तयार होतो. मुरूम किती खोलीवर लागतो, विहिरीचे पाणी कोणत्या पातळीस असते, ओहोळ कोठून येतो व कोठे जातो, याची नोंद होते. उभ्या झाडांची यादी जात, उंची व बुंध्याच्या घेरासह केली जाते. चांगला भूदृश्यकार भर पावसात एकदा तरी जागेवर जातो. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी घळ आषाढात काय रूप धारण करते, हे नकाशावर दिसत नाही. शेजारच्या पाड्यावरील वयोवृद्ध मात्र ते अचूक सांगतात.

दुसरे काम पाण्याचा हिशेब मांडण्याचे. या भागात वर्षाकाठी सुमारे २,००० मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस होणे ही येथे नवलाची गोष्ट नाही. एक एकर, म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ४ लाख लिटर पाणी खाली येते. दहा हजार लिटरचे ४० टँकर भरतील एवढे हे पाणी आहे. पूर्वी हेच पाणी भातखाचरात थांबत होते, मुरत होते. छप्पर आणि काँक्रीट झाल्यावर ते एकदम खालच्या वस्तीकडे धावते. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई परिसर जलमय झाला व रेल्वेसेवा खंडित झाली, हे अनेकांच्या स्मरणात असेल. अशा वेळी प्रत्येक भूखंडाने आपले पाणी काही काळ धरून ठेवणे किती मोलाचे असते, हे सांगावयास नको.

याबाबतीत वसईला परंपरेचा वारसा आहे. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील बागायतदारांनी वाड्यांतून बावखले खोदली. पावसाचे गोडे पाणी त्यांत साठे, जमिनीत मुरे आणि केळी व पानवेलींना उन्हाळ्यात उपयोगी पडे. आधुनिक भूदृश्यकार ज्यास साठवण तळे म्हणतो, ते आपल्या पूर्वजांनी वेगळ्या नावाने केलेलेच होते. गोदामाच्या आवारात असे एखादे तळे, उथळ गवताळ चर आणि पाणी मुरू देणारी फरसबंदी योजली, तर खालच्या वस्तीवरील भार कमी होतो.

तिसरे काम उताराचे. डोंगर उभा कापून सपाटी करणे तात्पुरते स्वस्त पडते. परंतु कापलेल्या मुरमाच्या कड्यात पाणी मुरले की तो ढासळण्याचा धोका असतो. शक्यतो टप्पे पाडून, गवत व झुडपांच्या मुळांनी माती धरून ठेवावी. जेथे आधारभिंत अपरिहार्य आहे तेथे तिचा आराखडा संरचना अभियंत्याकडून करून घ्यावा आणि भिंतीमागील पाणी बाहेर पडण्यास वाट ठेवावी. येथे आपल्या विद्येची मर्यादा ओळखून अभियंत्यास पाचारण करणारा भूदृश्यकारच विश्वासास पात्र समजावा.

झाडांची निवड हे चौथे काम. करंज, जांभूळ, ताम्हण, बकुळ, कदंब, उंबर, अर्जुन ही आपल्या मातीतील झाडे येथील पाऊस व कोरडा काळ दोन्ही सोसतात. ओढ्याकाठी उंबर व अर्जुन, रस्त्याकडेला करंज व बकुळ, अशी योजना जागा पाहून करावी. खड्डे मे महिन्यात खणून तापू द्यावेत, पहिले चांगले पाऊस झाल्यावर लागवड करावी आणि किमान तीन वर्षांच्या निगराणीची तरतूद आराखड्यातच असावी. निगराणीचा खर्च न धरलेली लागवड छायाचित्रापुरतीच उरते.

मंजुऱ्या आणि जबाबदारी

जमीन महानगरपालिकेच्या, ग्रामीण क्षेत्राच्या की वनाच्या हद्दीलगत आहे, हे प्रथम निश्चित करावे. कारण मंजुरी देणारा अधिकारी त्यावर ठरतो. तुंगारेश्वर अभयारण्याचे सान्निध्य येथे विशेष लक्षात घ्यावे लागते. नागरी क्षेत्रात झाड तोडण्यापूर्वी ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ अन्वये परवानगी घेणे बंधनकारक आहे. २०२१ च्या सुधारणेने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे भरपाई म्हणून लावण्याची तरतूद केली. राज्याच्या २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर वा त्याहून मोठ्या अभिन्यासात सर्वसाधारणतः १० टक्के क्षेत्र मनोरंजनासाठी मोकळे ठेवावे लागते. हे क्षेत्र उरलेला कोपरा म्हणून न सोडता पाणी, सावली व मुलांचे खेळणे यांचा विचार करून प्रथमच आखावे.

परवान्याचे कवच नसल्यामुळे भूदृश्यकार नेमताना ग्राहकाने स्वतः चौकशी करणे आवश्यक ठरते. त्याची पदवी पाहावी. तो स्वतःस केवळ ‘आर्किटेक्ट’ म्हणवीत असेल, तर वास्तुकला परिषदेकडील नोंदणी क्रमांक विचारावा. नोंदणीकृत वास्तुविशारदाविरुद्ध व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार परिषदेकडे करता येते. तीन-चार वर्षांपूर्वी त्याने केलेले काम पावसाळ्यात जाऊन पाहावे. मोजणी, आराखडा, तपशीलवार नकाशे, कामावरील देखरेख व निगराणी, यांपैकी काय मोबदल्यात समाविष्ट आहे, हे लेखी करारात नमूद करावे. सल्लागार आणि रोपे पुरविणारा कंत्राटदार एकच असल्यास दर तपासणारा तिसरा कोणी असावा.

या व्यवसायास स्वतंत्र कायदा असावा काय, याचा विचार यथावकाश होईल. परंतु कामणच्या डोंगरावरून उतरणारे पाणी कायद्याची वाट पाहत थांबत नाही. ते दर वर्षी मृगापाठोपाठ येते आणि आपली जुनी वाट शोधते. ती वाट ओळखून, राखून मगच बांधकामास हात घालावा. यात मालकाचे हित आहे, आणि उताराच्या खाली राहणाऱ्या, आराखड्यावर ज्यांची सही कोणी घेत नाही अशा कुटुंबांचेही.