तैलपात्र

गर्भवतीची शुश्रूषा कशी करावी हें सांगतांना चरकाचार्यांनीं शारीरस्थानांत काठोकाठ भरलेल्या तैलपात्राचा दृष्टान्त दिला आहे. तें नेतांना धक्का लागतां कामा नये. तरुणपणीं वाचलेल्या ह्या दृष्टान्ताचा अर्थ मला दोन महिन्यांपूर्वीं, नांदेडास, आमच्याच स्वयंपाकघरांत कळला.

आमच्याकडे भांडीं घासावयास येणारी मुलगी पांचव्या महिन्यांत होती. एके दिवशीं ती आमच्या सौभाग्यवतींना हळूच म्हणाली, "आजी, दिवसातून पाच येळा मिश्री लावल्याबिगर माझं डोकं चालत नाही. पण सासूला नका सांगू, माय." सायंकाळीं सौभाग्यवतींनीं मला विचारलें, "दिलेला शब्द पाळूं, कीं पोटांतल्या जीवाकडे पाहूं?" (तिला विचारूनच, ओळख पटणार नाहीं इतपत हें लिहीत आहें.)

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईतों भाजलेल्या तंबाखूची पूड. दांत घासण्याच्या निमित्तानें ती घरांत शिरते. कोठा साफ होतो, भूक मरते, म्हणून राहते. आणि व्यसनांत तिची कोणी गणना करीत नाहीं. परंतु तिच्यांतील निकोटिन हिरड्यांतून रक्तांत व वारेवाटे गर्भापर्यंत पोंचतें. मुंबईंतील १,२१७ गर्भवतींची पाहणी २००४ सालीं प्रसिद्ध झाली. तींत मिश्रीसारखी न ओढण्याची तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या अर्भकांचें वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी भरलें; अकाल प्रसूतीही अधिक आढळल्या.

‘मग सासूला सांगून टाका,’ असें मीही म्हणालों. त्यावर सौभाग्यवतींनीं विचारलें, "सांगितल्यानें ती मिश्री सोडील, कीं आपल्याशीं बोलणें सोडील?" अमेरिकेंतील टेनेसी राज्यानें २०१४ सालीं, अंमली पदार्थामुळें अर्भकास अपाय झाल्यास मातेवर खटला भरण्याचा कायदा केला. शिक्षेच्या भयानें स्त्रिया दवाखानाच टाळूं लागल्याची तक्रार झाली. २०१६ सालीं मुदत संपली तेव्हां तो कायदा पुढें चालूं ठेवला गेला नाहीं. धक्का लागला म्हणजे तेल सांडतेंच.

परंतु मौन हाही धर्म नव्हे. सौभाग्यवतींनीं तिला परिणाम स्पष्ट सांगितले, पण भिवविलें नाहीं. तिच्या संमतीनें दवाखान्यांत नेलें, आणि तिच्याच तोंडून तें डॉक्टरीणबाईंच्या कानीं घातलें. सासूजवळ अवाक्षर काढलें नाहीं.

ही हकीकत मीं लातूरच्या माझ्या वडील भगिनीस, नांव न घेतां, मोठ्या ऐटीनें सांगितली. ती बराच वेळ गप्प राहिली, नंतर म्हणाली, "अरे, माझ्याही उशाशीं डबी आहे. पहिल्या खेपेला दांत दुखत होता, तेव्हां सासूबाईंनींच दिली होती." सुशिक्षित घराण्यांतील ती बाई, आणि आम्हां भावंडांना साठ वर्षें ठाऊक नव्हतें! तिची नातसून आतां गरोदर आहे. त्याच दिवशीं ताईनें ती डबी केरांत टाकली.

वाचकहो, गर्भवतीला उपदेश करण्यापूर्वीं घरांतील वडील मंडळींनीं आपापल्या डब्या पाहाव्या. पात्र तिच्या एकटीच्या हातीं नसतें. तें साऱ्या घरानें उचललेलें असतें.

आमच्याकडील ती मुलगी पांचांवरून एका वेळेवर आली आहे. मिश्री अद्याप पुरती सुटलेली नाहीं. परंतु ती आतां लपवीत नाहीं.