स्नोमोबाइल अडखळते? सेन्सर बदलण्याआधी मोजून पाहा

मिनेसोटा असो की क्यूबेक, स्नोमोबाइल अडखळू लागली की संशय थ्रॉटल पोझिशन सेन्सरवर जातो आणि लगेच नवा मागवला जातो. माझं म्हणणं एवढंच, आधी मोजा. बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर म्हणजे तीन तारांचा साधा पोटेन्शिओमीटर असतो: पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. प्लग काढा, मल्टिमीटर ओहमवर ठेवून सिग्नल आणि अर्थच्या पिनांना लावा, थ्रॉटल सावकाश दाबा. आकडा सलग बदलायला हवा. मध्येच उडी मारली तर आतली पट्टी तिथे झिजली आहे. डिजिटल मीटरला क्षणिक खंड दिसत नाही, हा आक्षेप खरा आहे. म्हणून काट्याचा मीटर वापरा.

‘नवा बसवला की प्रश्न मिटला’ हेही पटत नाही, कारण नवाही जुळवावा लागतो. आधी केबलचा ढिलेपणा आणि आयडल स्क्रू नीट करा. मग पुरवठा ५ व्होल्ट आहे ना ते बघा, सेन्सरचे स्क्रू सैल करून तो किंचित फिरवा आणि मॅन्युअलमधला आयडल व्होल्टेज मिळाला की घट्ट करा. स्क्रू आवळताना आकडा सरकतो, त्यामुळे पुन्हा मोजा. काही मॉडेल्सना मात्र डीलरचंच उपकरण लागतं.