लिलावात मोल कशाचे होते?

बाजारातील नारळ आणि पावणीतील नारळ यांत वस्तू म्हणून काहीही भेद नसतो. तरी दोहोंच्या किमतींत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. पेडणे व डिचोली तालुक्यांतील वाचकांस हे सांगावयास नको. उत्सवप्रसंगी देवापुढे आलेले नारळ, केळ्यांचे घड, वस्त्रे यांची पावणी होते. एक जण बोली करतो, दुसरा ती चढवितो, आणि अखेर बाजारभावाच्या कित्येक पट रक्कम देऊन कोणी भाविक ती वस्तू घरी नेतो. गोव्यातील गावकाऱ्यांची शेतेही बोलीने खंडास देण्याची रीत जुनी आहे. तेव्हा लिलाव आपणांस नवा नाही. परंतु त्यात ठरणारी किंमत नेमकी कशाची असते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. तो उलगडण्यासाठी आम्ही येथे एक दूरदेशीचे उदाहरण घेत आहोत : अमेरिकेतील जुन्या मोटारींच्या लिलावाचे.

१९६४ साली पाँटियाक कंपनीने आपल्या मोठ्या गाड्यांचे ६.४ लिटरचे इंजिन मध्यम आकाराच्या मोटारीत बसवून ती 'जी. टी. ओ.' या नावाने विक्रीस आणली. एवढे मोठे इंजिन अशा गाडीत घालण्यास मूळ संस्थेची, म्हणजे जनरल मोटर्सची, मनाई होती. म्हणून ते २९५ डॉलरांचा जादा पर्याय म्हणून देण्यात आले! पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. मग इतर कारखानदारही या चढाओढीत उतरले. या दांडग्या, वेगवान मोटारींना 'मसल कार', म्हणजे पिळदार स्नायूंची मोटार, असे नाव पडले. परंतु त्यांचे वैभव जेमतेम दहा वर्षे टिकले. विम्याचे हप्ते वाढले, १९७० साली हवेच्या शुद्धतेचा कायदा कडक झाला आणि १९७३ च्या तेलटंचाईने तर खादाड इंजिनांचा काळच संपविला. ज्यांच्यासाठी तरुण झुरत, त्या गाड्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्या.

आता पुढील नवल पाहा. १९७१ सालची 'प्लिमथ हेमी कुडा' ही उघड्या टपाची मोटार अवघ्या ११ च्या संख्येने तयार झाली होती. त्यांपैकी एकीवर २०१४ साली सिअॅटल येथील लिलावात ३५ लाख डॉलरांना हातोडा पडला. 'बुलिट' या १९६८ च्या चित्रपटात नट स्टीव्ह मॅक्क्वीन याने चालविलेली फोर्ड मस्टँग १९७४ साली एका गृहस्थाने ६,००० डॉलरांना घेतली व घरच्या कामास वापरली. १९७७ साली खुद्द मॅक्क्वीनने पत्र लिहून ती मागितली, तरी त्याने दिली नाही. २०२० च्या जानेवारीत त्याच मोटारीची बोली ३४ लाख डॉलरांवर थांबली. लिलावगृहाचा आकार धरून ग्राहकास ३७ लाख ४० हजार डॉलर मोजावे लागले.

डिचोलीच्या खाणीतील खनिजाचा भाव वजनावर आणि त्यातील लोहाच्या प्रमाणावर ठरतो. मोटारीत फार तर दीड-दोन टन लोखंड! तेव्हा येथे मोल लोखंडाचे खासच नव्हे. मग ते कशाचे?

पहिले, दुर्मिळतेचे. दुसरे, अस्सलपणाचे. सांगाड्यावरील व इंजिनावरील क्रमांक परस्परांशी जुळतात की नाही, हे जाणकार बारकाईने पाहतात. कारखान्यात गाडीबरोबर फिरणारा जोडणीचा कागद कित्येकदा आसनाच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो, आणि तो जीर्ण कागदच मोटारीचा साक्षीदार ठरतो. तिसरे मोल कथेचे. 'बुलिट'मधील मस्टँगला नवा रंग वा झिलई दिलेली नव्हती. तिच्यावरील जुन्या खुणा हाच तिचा दाखला होता.

परंतु या तिन्हींवर एक चौथी गोष्ट आहे : प्रतिस्पर्धी. समजा, एखादा घड एकास ५०० रुपयांपर्यंत आणि दुसऱ्यास २,००० रुपयांपर्यंत हवा आहे. बोली २,००० वर जात नाही. पहिला थांबला की ५०० च्या थोडी वर ती संपते. म्हणजे जिंकणाऱ्याची आवड किती, हे लिलाव सांगत नाही. हरणारा कोठे थांबला, एवढेच सांगतो. दोन हट्टी ग्राहक समोरासमोर आले तर भाव आकाशास भिडतो. एकच आला तर वस्तू स्वस्तात जाते, अथवा मालकाने ठरविलेल्या किमान किमतीस न पोचल्याने परत जाते. म्हणूनच एका लिलावाचा आकडा हा त्या वस्तूचा कायमचा भाव नव्हे. २००८ च्या आर्थिक संकटानंतर याच मोटारींचे भाव कोसळले, आणि केवळ नफ्याच्या आशेने त्या घेणारे तोंडघशी पडले. पावणीत घड घेणारा मात्र बुडत नाही. कारण तो विकण्यासाठी घेतच नाही, आणि त्याचा पैसा देवकार्यास लागतो.

यात आपणांस घेण्याजोगे पुष्कळ आहे. पोर्तुगीज अमदानीत, १९६१ पूर्वी, गोव्यात परदेशी मोटारी थेट येत असत. त्यांतील एखादी कोणाच्या पडवीत गंजत असेल. ५० वर्षांहून जुन्या व मूळ रूपात राखलेल्या खाजगी गाड्यांना भारत सरकारने २०२१ च्या नियमांनी स्वतंत्र नोंदणी दिली आहे. अशा गाड्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात. लाखोंच्या आशेने नव्हे, पण वस्तू भंगारात घालण्यापूर्वी तिचे कागद शोधावेत, वडीलधाऱ्यांकडून तिची हकीकत ऐकून लिहून ठेवावी. हे मोटारीपुरतेच नाही. पितळी समई, जुना पेटारा, आजोबांची वही यांनाही ते लागू आहे. गंजलेले लोखंड पुन्हा घासता येते. हरवलेला कागद आणि न विचारलेली आठवण मात्र कोणत्याही बोलीने परत मिळत नाही.